पाण्याचा रकाना

३ फेब्रुवारी

ताई,

आधी यादी. गेल्या एप्रिलपासून आईसाठी मी स्वतःच्या हातांनी जे केलं ते, मापांसकट.

१. पलंगाचा कठडा. पाऊण इंची पाइप, तीन आडवे दांडे. खिट्टी डाव्या बाजूला, कारण झटका आल्यापासून आईचा उजवा हात चालत नाही.

२. चाकांची खुर्ची. बाजारातली आणली, उघडली, मागची चाकं बदलली. बैठकीची उंची साडेएकोणीस इंच केली. पलंगही साडेएकोणीस. सरकताना एका सुताचाही चढ नाही.

३. न्हाणीघराच्या दाराशी उतार. आधी सव्वादोन इंचांचा उंबरठा होता.

४. चमचे, तीन. मूठ जाड, मान डावीकडे वळवलेली.

५. बटणं लावायचा तारेचा आकडा. हा आई वापरत नाही.

६. गोळ्यांची पेटी, अठ्ठावीस खणांची.

७. घंटा. डाव्या कोपराने दाबली तरी वाजते.

८. आराखडा.

आठव्या नंबरला तू नाक मुरडशील. फोनवर दिसणारी गोष्ट हाताने केलेली कशी? पण लेथवर ज्या बोटांनी काम करतो त्याच बोटांनी मी त्याचा एकेक रकाना आखला. आईला पहिल्यांदा घरी सोडलं तेव्हा दवाखान्याने चार कागद दिले होते. डॉक्टरीणबाईंचा एक, व्यायामवाल्याचा एक, आहाराचा एक, गोळ्यांचा एक. एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या जावांसारखे. व्यायामवाला सकाळी चालवायचा आणि गोळीने चक्कर येते हे त्याला ठाऊकच नसायचं. नववीत शाळा सोडलेल्या माणसाने तीन आठवडे फोनवर बघून बघून शिकून त्या चारांचा एक तक्ता केला. डॉक्टरीणबाई त्यांच्या खोलीत, व्यायामवाला त्याच्या, दिवसा आईला सांभाळायला येणाऱ्या मावशी आपल्या स्वयंपाकघरात आणि तू तिकडे तुझ्या वॉर्डात, सगळ्यांना एकच ओळ एकाच क्षणी दिसते. दहा वाजता गोळी बदलली तर दहा वाजून एक मिनिटाने मावशींना कळतं. तूच ऑगस्टमध्ये म्हणाली होतीस की आमच्या एवढ्या मोठ्या इस्पितळात हे नाही. ते मी विसरलेलो नाही.

तू फोन घेत नाहीस म्हणून हा कागद.

आई पंचवीस तारखेला घरी आली. अकरा दिवस दवाखान्यात होती, न्यूमोनिया. तू रोज थेट नर्सला फोन करून चौकशी करत होतीस हे नर्सनेच मला सांगितलं. ठीक आहे. आता नाकातून नळी आहे, अन्नपाणी सगळं तिच्यातून. पाणी श्वासनळीत जात होतं, फुप्फुसात साचत होतं. झटक्यानंतर असं होतं, कधीकधी कुणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरीणबाईंनी मावशींना बजावलंय की यापुढे पाजताना घाई करायची नाही. मावशी काही बोलल्या नाहीत.

दुसरं म्हणजे, दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी एक कंपनी आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे आराखड्याचा विषय काढला. त्यांचा माणूस वर्कशॉपमध्ये आला, स्टुलावरचा लोखंडाचा कीस झटकून दोन तास बसला आणि माझा तक्ता बघत राहिला. शेवटी म्हणाला, "हे कुठल्या कोर्सला शिकवतात?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही." बोलणी चालू आहेत. आकडा ठरला की कळवीन.

सूत

(बाबांनी ठेवलेलं नाव आता तू आणि आईच वापरता. इंचाचा आठवा भाग. हा पोरगा एक सूतही इकडचं तिकडे खपवून घेणार नाही, म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि वैताग किती ते शेवटपर्यंत कळलं नाही.)


११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

काल डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. नाकातली नळी फार दिवस ठेवत नाहीत. १२ मार्चला सगळ्यांची बैठक आहे: त्या, व्यायामवाला, गिळणं शिकवणाऱ्या बाई, मी आणि मावशी. तोवर आई तोंडाने थोडं तरी सुखरूप गिळू लागली तर प्रयत्न चालू ठेवायचे. नाहीतर पोटाला भोक पाडून तिथे कायमची नळी. मग तोंडाने बहुधा काहीच नाही.

हे सांगून झाल्यावर त्या फोनवर आराखडा वरखाली करत बसल्या.

"यातला पहिला रकाना कुठे गेला? आमच्या नमुन्यात होता. 'रुग्णाला स्वतःला काय महत्त्वाचं वाटतं.'"

"काढला."

"का?"

"त्याला एकक नाही. काय लिहायचं त्यात? मिलिलिटर, पावलं, गोळ्या, काहीच बसत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "परत घाला. बाकीचे रकाने त्याच्यासाठी आहेत."

मी घातला. रिकामा रकाना मला बघवत नाही म्हणून लगेच आईला विचारलं, तुला काय महत्त्वाचं वाटतं. आई नळी लागल्यापासून माझ्याशी बोलत नाही. भिंतीकडे तोंड करते. मावशी चादर बदलत होत्या. त्यांनी आईच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "आजी, नळी निघाली की पयलं काय करायचं?"

आई म्हणाली, "खिडकी."

मी "खिडकी" असं टाइप केलं. मावशी म्हणाल्या, "एवढंच नाही, दादा. त्यांना खिडकीत बसून आपल्या हाताने चहा प्यायचाय."

"ती एकच शब्द बोलली."

"बाकीचं हातानं सांगितलं. तुम्ही फोनात बघत होतात."

तुला आठवत असेल. समोरच्या घड्याळदुरुस्तीवाल्याचं शटर साडेनवाला उघडायला हवं, ते पावणेदहाला उघडतं, आणि आई कप हातात घेऊन रोज म्हणायची, "हा दुसऱ्यांची घड्याळं नीट करतो." चाळीस वर्षं तोच विनोद. शटर वर जाईपर्यंत ती कप खाली ठेवायची नाही. म्हणजे पंधरा मिनिटं. मी रकान्यात लिहिलं: खिडकी, चहा, स्वतःच्या हाताने, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं हे एकक आहे.

एक गोष्ट स्पष्ट करतो. भाऊजींना तू सांगितलंस की मी तुला आराखड्यातून हाकललं. तसं झालेलं नाही. ९ जानेवारीला मी तुझा लिहिण्याचा अधिकार काढला. बघण्याचा ठेवला होता. बाहेर तू स्वतः पडलीस, १० जानेवारीला, दुपारी दोन चाळीसला. नोंद आहे.

सूत


२० फेब्रुवारी

ताई,

मावशींनी पंधरा मार्चपासून काम सोडते म्हणून सांगितलं. घरात दुसरं कोणी सात तास आईला सांभाळू शकत नाही. मी वर्कशॉप बंद ठेवलं तर चार कामगारांचं काय? मी विचारलं, पगार कमी पडतो का. त्या म्हणाल्या, पगार बरोबर आहे. मग? पुढच्या गल्लीत एका म्हाताऱ्या मास्तरांकडे त्या संध्याकाळी दोन तास जाणार होत्या. त्यांच्या सुनेनं विचारलं, "तुमच्याच हातून पाणी छातीत गेलं ना त्या आजींच्या?" दवाखान्यातून बातमी फिरली. मावशी भांडी आवरत होत्या, पाठमोऱ्या. "एक घर गेलं, दुसरं जाईल. त्यापेक्षा गावाकडं मुलीकडं जाते. तिथं कुणाला माहीत नाही."

त्या गेल्यावर मी तक्त्यामागची नोंद उघडली. तुला माहीत नसेल, आराखड्यात कुणीही काहीही लिहिलं, बदललं, खोडलं, तर मागे वेळेसकट राहतं. हे मी मुद्दाम चालू केलं होतं, कुणी हातचलाखी करू नये म्हणून. ती नोंद फक्त मला दिसते. महिनाभर मी ती उघडली नव्हती. आता जशीच्या तशी देतो.

८ जानेवारी, दुपारी ४.१२. तू पाण्याच्या रकान्यात लिहिलंस: "फोनवर आईचा आवाज ओला येतोय. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणी पूड घालून घट्ट करून द्या." पाण्याच्या रकान्यात फक्त आकडा चालतो, मिलिलिटरमध्ये. तू अक्षरं लिहिलीस. रकाना लाल झाला.

४.३१. मी ती ओळ खोडली. लेथवर माप चुकलेला तुकडा भंगारात जातो, त्याला का चुकलास म्हणून विचारत नाहीत. तसंच केलं.

मग तुझा फोन आला. तो नोंदीत नाही, पण मला शब्दन् शब्द आठवतो.

"माझी ओळ कुठाय?"

"आकडा लिही, राहील."

"आवाजाला आकडा असतो का रे? ती पाणी प्याली की घशात गुळगुळ होतंय. अठरा वर्षं वॉर्डात काढलीत मी, हा आवाज झोपेतसुद्धा ओळखीन."

"वॉर्डात काढलीस. आईजवळ नाही काढलीस."

तू म्हणालीस, "सूत, आई म्हणजे तुझ्या मशीनवर लावलेला जॉब नाही." आणि मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तुझा लिहिण्याचा अधिकार काढला.

आता पुढचं. डॉक्टरीणबाईंनी दिवसाला दीड लिटर पाणी सांगितलं होतं. दीड हजार भरले की रकाना हिरवा होतो, असा मी केला होता. ८ जानेवारीला तो सलग चाळीस दिवस हिरवा होता. त्या संध्याकाळी आठला बाराशेच भरत होते. ८.५० ला तीनशेची नोंद आहे. ती माझी. पाणी मी पाजलं. आई मान हलवत होती. मी म्हटलं, थोडंच राहिलंय.

९, १०, ११ तारखेलाही शेवटचं पाणी माझं.

१२ ला दुपारी मावशींनी शंभर लिहिलं. ग्लास दोनशेचा आहे. मी विचारलं, शंभर कसे? "अर्धं खोकल्यात गेलं, दादा. पाणी प्यायलं की घसा घरघरतो त्यांचा." त्यांनी हे मला आधीही एकदा सांगितलं होतं, तुझ्या ओळीच्या दोनतीन दिवस आधी. मी तेव्हाही म्हटलं होतं, आकडा लिहा. १२ ला संध्याकाळी सहाला मी राहिलेले शंभर पाजले. नोंद आहे. रात्री हिरवा.

१३ ला ताप. १४ ला दवाखाना.

१४ ला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाजताना खोकला, घरघर, कुणाला काही जाणवलं होतं?" मी म्हटलं, "मी कामावर असतो. पाणी मावशी पाजतात." दोन्ही वाक्यं सुटी घेतली तर खरी आहेत. मी दिवसा कामावर असतो. दिवसा मावशी पाजतात. माझ्या तक्त्यात किती पाणी, कधी, कसलं, हे सगळं आहे. कोणी पाजलं, याला रकाना नाही. मी ठेवलाच नव्हता. म्हणून कुणाला दिसलं नाही.

मागची नोंद कायमची पुसता येते. तक्त्याची नवी प्रत काढायची, जुनी टाकून द्यायची. दोन मिनिटांचं काम. हे तुला आधी सांगून ठेवतो.

सूत


१ मार्च

ताई,

प्रत काढली नाही.

केलं ते क्रमाने. २१ फेब्रुवारीला तुझी ओळ ८ जानेवारीच्या जागी परत आणली, तुझ्याच शब्दांत. तिच्याखाली लिहिलं की ती ४.३१ ला मी खोडली. पाण्याच्या प्रत्येक नोंदीपुढे नवा रकाना केला: कोणी पाजलं. जुन्या नोंदींत नावं भरली, मागची नोंद बघून. पाच संध्याकाळी माझं नाव आहे. आणखी एक रकाना केला, त्यात काहीही लिहिता येतं, तो लाल होत नाही. मागची नोंद सगळ्यांना दिसेल अशी केली. तुझा लिहिण्याचा अधिकार परत दिला. तुला त्याचा निरोप आपोआप गेला असेल. आत यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मग दवाखान्यात गेलो, मावशींचं मास्तरांकडचं काम कसं गेलं तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी वाचलं. दोनदा वाचलं.

"हे मला चौदा तारखेला कळलं असतं तर गिळण्याची तपासणी पहिल्या आठवड्यात झाली असती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पाजण्यात घाई झाली, एवढंच. म्हणजे आधीपासूनच गिळणं बिघडलेलं होतं. आपले चार आठवडे गेले."

"हो."

"मास्तरांच्या घरी मी स्वतः फोन करते."

त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान काहीतरी उत्तर देता आलं असतं.

मावशींना घरी येऊन सांगितलं. तक्ता दाखवला. त्यांनी पाहिला नाही, हात ओले होते.

"मला ठाऊक होतं, दादा."

"काय ठाऊक होतं?"

"रात्री तुम्ही पाजता ते. सकाळी उशाशी ग्लास कोण विसळतं? मीच ना. मी जाताना तर पालथा घालून जाते."

"मग दवाखान्यात बोलला का नाहीत?"

"तुमचं एवढं मोठं फोनातलं लिहिलेलं. त्याच्यापुढं माझा ग्लास कुठं उभा करू?" मग हात पुसत म्हणाल्या, "आणि आजींसमोर तुम्हाला खाली पाडायचं? त्या ऐकत असतात."

मास्तरांच्या सुनेने बोलावलंय. मावशी पंधराला जात नाहीत. फक्त आता त्या मला दादा म्हणताना मधे जरा थांबतात. मोजलेलं नाही, पण थांबतात.

आईलाही सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून होती. सगळं ऐकून घेतलं. डावा हात मागे केला आणि कोपराने घंटा वाजवली. स्वयंपाकघरातून मावशी आल्या. आईला कूस बदलायची होती. तिने माझ्याकडून बदलून घेतली नाही.

चार दिवस झाले. आज सकाळी ६.४० ला तुझी ओळ दिसली. चारदा वाचली, इथे उतरवून घेतो, म्हणजे मला चुकीचं समजलं असेल तर तुला कळेल:

"हनुवटी खाली, छातीकडे. एका वेळी एक चमचा, घट्ट केलेलं. गिळल्यावर 'आ' म्हणायला लावा. आवाज ओला आला तर थांबा. टीव्ही बंद. पाजणाऱ्याने बसून पाजायचं, उभं राहून नाही. कप साधा नको. साध्या कपात शेवटचा घोट घेताना मान मागे जाते. कपाची नाकाकडची कड कापून खोलगट करा, म्हणजे मान न उचलता पिता येईल. कापता येईल ना."

शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं. गिळणं शिकवणाऱ्या बाईंनी तुझ्या ओळीखाली लिहिलं, "अगदी बरोबर. हेच करू या." व्यायामवाल्याने लिहिलं, "मी त्या वेळी मानेला आधार देतो, माझी वेळ साडेनऊ करून घ्या." तीन माणसं एका ओळीवर. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्या तक्त्यात लोक एकमेकांशी बोलले. आकडे लिहून लोक बोलत नसतात हे मला आता दिसतंय.

कापता येईल. उद्या करतो.

सूत


१५ मार्च

ताई,

कप चौथ्या वेळी जमला. पहिला फुटला. दुसऱ्याची कड धारदार राहिली. तिसरा मला बरोबर वाटला, फोटो टाकला, तू खाली लिहिलंस, "नाकाला लागेल. आणखी एक सेंटीमीटर खाली." मी लिहिलं, "मोजून केलाय." तू लिहिलंस, "आईचं नाक मोजलंस का?" मोजलं. तुझं बरोबर होतं. चौथ्याची कड एकवीस मिलिमीटर खोल आहे, पॉलिश कागदाने तीनदा घासली. मूठ डाव्या हातासाठी, तीन बोटं जातील एवढी. व्यायामवाला म्हणतो, असा कप विकतही मिळतो. मिळत असेल.

१२ तारखेला बैठक झाली. तू फोनच्या पडद्यावर होतीस तेव्हा माझ्याशी बोलली नाहीस हे सगळ्यांच्या लक्षात आलं, पण सगळे नीट वागले. जे तुला दिसलं नाही ते सांगतो. पडदा आईकडे वळवला होता, त्यामुळे तुला माझी बाजू दिसली नसेल. मी पलंगाच्या पायाशी बसलो होतो. पाजायला मावशी होत्या. तुझ्या सांगण्याप्रमाणे बसून. तीस मिलिलिटर घट्ट केलेला चहा. आईने कप स्वतः धरला. पहिला घोट, 'आ', आवाज कोरडा. दुसरा. तिसऱ्याला जरा खोकली, तेव्हा गिळणं शिकवणाऱ्या बाईंनी थांबवलं, दोन मिनिटांनी परत. तीस मिलिलिटरला अकरा मिनिटं लागली. अकराव्या मिनिटाला आईने कप तोंडापासून लांब धरला आणि खिडकीकडे पाहिलं. शटर खाली होतं. बैठक साडेनवाला सुरू झाली होती.

आई काहीतरी पुटपुटली. बाई म्हणाल्या, "काय म्हणताय, आजी?" कुणाला कळलं नाही. तू पडद्यावरून हसलीस. मलाही कळलं होतं. आपण दोघं सोडून त्या खोलीत कुणाला कळणं शक्य नव्हतं.

निर्णय तुला माहीत आहे. पोटाची नळी आत्ता नाही. आणखी सहा आठवडे. नाकातली राहील, जेवणापुरती, बदलून घालतील. दिवसातून तीनदा तीस मिलिलिटर तोंडाने, तुझ्या ओळीप्रमाणे. सहा आठवड्यांनी परत बघू. पुढं काय होईल ते डॉक्टरीणबाईसुद्धा सांगत नाहीत.

काल संध्याकाळचा चहा आईने माझ्याकडून घेतला. तिसऱ्या घोटानंतर 'आ' म्हणाली, आवाज किंचित ओला वाटला, मी थांबलो. वीसच गेले. रकान्यात वीस लिहिलं, पुढे माझं नाव, आणि शब्दांच्या रकान्यात "आवाज ओला, थांबलो". ते हिरवं झालं नाही. हिरवा रंग मी काढून टाकलाय.

पहिल्या पत्रातल्या यादीत दोन दुरुस्त्या. नऊ: कप, एक. माप तुझं. आणि आठवा नंबर खोड. तो माझ्या एकट्याच्या हातचा नाही.

राहिलं ते कंपनीचं. तो माणूस शुक्रवारी परत आला होता, बरोबर दुसरा एक, कागद घेऊन. स्टूल या वेळी मी झटकून दिलं. त्यांना आराखडा हवा होता, रकान्यांची सगळी रचना, आणि आईचं नाव काढून अकरा महिन्यांच्या नोंदी, दवाखान्यांना नमुना म्हणून दाखवायला. पहिल्या पानावर "रचना" या शब्दाखाली माझं नाव. मी ते पान वाचलं. नाव बरोबर लिहिलं होतं. माझ्या नावापुढे आजवर कुणी काही छापलेलं नाही, तुला माहीत आहे. अट एकच. आठ ते तेरा जानेवारी हे सहा दिवस काढायचे, तुझी ओळ, माझी खोडाखोड, पाजणाऱ्यांची नावं आणि मागची नोंद यांच्यासकट. "चूक दाखवून कुणी माल विकत नाही, साहेब," दुसरा म्हणाला. मी विचारलं, ते सहा दिवस ठेवून घ्याल का, नावापेक्षा ते ठेवा. त्याने पहिल्याकडे पाहिलं, पहिल्याने कागदाकडे. ठेवून नाही घेणार म्हणाले.

मी नाही म्हटलं. बावीस लाख देत होते.

सूत